हे वाचलंत का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, दोन वाचक एसटीच्या थांब्यावर भेटले, की पाऊसपाणी आणि मुलाबाळांची चौकशी लवकर संपते. मग एकजण विचारतो, 'हल्ली काय वाचताय?' आणि गाडी आली तरी बोलणं संपत नाही. हा प्रश्न विचारणारं माणूस भेटलं, की मला नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं.

आज हा प्रश्न तुम्ही मला विचारला आहे असं धरून चालतो. माझं उत्तर थोडं जुनं आहे. मी सध्या जो लेखक पुन्हा वाचतो आहे, त्याने आपला ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४५ मध्ये पुरा केला. त्याचं नाव शेख महंमद, गाव श्रीगोंदे आणि ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम'. हा ग्रंथ माझ्या हाती कसा आला, याचा शोध घेताना मला मराठी वाचकांचा एक छोटासा इतिहासच सापडला. तो आज सांगायचा आहे.

आधी माझ्यापुरती गोष्ट सांगतो. मी तेव्हा सोलापूरला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. १९९० साल. त्या वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. मी त्यात खुर्च्या लावायला आणि पाहुण्यांना चहा द्यायला होतो. कविता लिहीत होतो, पण कोणाला दाखवत नव्हतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त गुरुजी राहत. माळकरी होते, आषाढीची वारी चुकवत नसत. संमेलन संपल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि विचारलं, 'काय रे, योगसंग्राम वाचलास का?'

मी हे नावही ऐकलं नव्हतं. गुरुजी हसले नाहीत, रागावले नाहीत. आत गेले आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक घेऊन आले. 'तुझ्याआधी तिघांनी वाचलंय. वाचून झालं की परत आण आणि काय वाटलं ते सांग. सांगितल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही.' पहिल्या पानावर खरोखरच पेन्सिलीने तीन नावं लिहिलेली होती. एक कुलकर्णी, एक माळी आणि एक जंगम. चौथं नाव माझं पडलं.

आता या लेखकाविषयी. श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे जुन्या अहमदनगर जिल्ह्यातलं हे गाव. शेख महंमद सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे होऊन गेले. 'योगसंग्राम' पुरा झाला, तेव्हा तुकोबा देहूत कीर्तनं करत होते आणि शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते. शेख महंमदांचे गुरू चांद बोधले. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा सांगते. म्हणजे गुरुपरंपरेच्या हिशेबाने एकनाथ महाराज आणि शेख महंमद एकाच घरातले.

'योगसंग्राम' नावाप्रमाणे लढाईचाच ग्रंथ आहे. लढाई माणसाची स्वतःच्या विकारांशी आहे. ओवीतल्या या ग्रंथाचे अठरा प्रसंग आहेत. साधक लढवय्या होऊन अहंकारावर चालून जातो. त्या काळातला मराठी माणूस घोडा, ढाल, तलवार, किल्ला रोज डोळ्यांनी पाहत होता, म्हणून कवीने अध्यात्मही त्याच भाषेत सांगितलं. ढोंगी गुरूंवर, पोकळ कर्मकांडावर, धर्माच्या नावाने मिरवणाऱ्यांवर तो कोरडे ओढतो. त्यात तो इकडचा-तिकडचा असा भेद करत नाही.

या कवीचा एक अभंग पुष्कळांना ठाऊक असेल. त्यात तो केतकी, फणस आणि नारळ अशा तिघांचे दाखले देतो. केतकीला काटे, पण पोटी केवडा. फणस वरून काटेरी, आत गोड. नारळ वरून कठीण, आत पाणी. आणि शेवटी तो स्वतःकडे वळतो. त्या काळी मुसलमानाला 'अविंध' म्हणत. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत असा. मी अविंध असलो तरी माझ्या अंतःकरणात कोण आहे ते पाहा, असं कवी ऐकणाऱ्याला सांगतो.

विशीत मला हा अभंग फार आवडला. आज पन्नाशी उलटल्यावर तो वाचताना घशाशी काहीतरी अडकतं. एवढ्या मोठ्या कवीला आपलं बोलणं ऐकून घ्यावं म्हणून आधी फणसाचा दाखला द्यावा लागला. कविता वाचून खाली उतरलो, की मलाही कोणीतरी कौतुकाने विचारतं, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?' विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. माझी आजी जात्यावर मराठी ओव्या म्हणायची, एवढं सांगून मी विषय बदलतो. तोही एक फणसाचाच दाखला झाला.

पण शेख महंमदांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. त्या दाखल्याची गरज ज्यांना पडली नाही, असे वाचक त्यांना प्रत्येक शतकात मिळत गेले.

छपाई नव्हती तेव्हा पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी म्हणजे कोणीतरी बसून हाताने उतरवून काढलेली प्रत. बोरूने लिहायचं, शाई घरी करायची, महिनेच्या महिने घालवायचे. अशा पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा आपलं नाव, शक, तिथी लिहून ठेवतो. पुष्कळदा एक विनवणीही असते. पोथीला तेल-पाण्यापासून जपावं, बांधणी सैल होऊ देऊ नये आणि ती मूर्खाच्या हाती देऊ नये. ही विनवणी मी प्रथम वाचली तेव्हा हसलो होतो. नंतर लक्षात आलं, की त्यात एक गोष्ट त्या माणसाने गृहीत धरली आहे. पोथी दुसऱ्याच्या हाती जाणार. काळजी एवढीच, की तो हात चांगला असावा.

आणि एक पोथी म्हणजे एक वाचक नव्हे. एकजण वाचायचा आणि पन्नासजण ऐकायचे. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ खेड्यापाड्यांत याच वाटेने पोचले. चातुर्मासात देवळात किंवा चावडीवर पोथी लागायची. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नसायची, पण कुठला अध्याय चालू आहे हे बायाबापड्यांना पाठ असायचं. ज्यांना देवळाच्या आत येऊ दिलं जात नव्हतं, ते बाहेर उभे राहून ऐकत. हे दुःखही त्या परंपरेचाच भाग आहे. ते झाकून आपल्या वाचनाचा इतिहास सांगता येणार नाही.

ऐकणाऱ्यांच्या या मेळ्यातूनच शेख महंमदांच्या आख्यायिका निघाल्या. तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला देहूत आग लागली आणि शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून हात चोळून ती विझवली, अशी एक कथा सांगतात. घडलं की नाही हा प्रश्न इतिहासकारांचा. मला त्यातून एवढंच कळतं, की सांगणाऱ्याला हे दोन संत एकमेकांचे शेजारी वाटत होते. अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतींनी संतांची चरित्रं ओवीबद्ध केली, तेव्हा त्यांनी मुसलमान संतांनाही त्या पंक्तीत बसवलं. महिपती हे मला फार मोठे वाचक वाटतात. स्वतःला आवडलेली माणसं त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला सांगितली.

मग इंग्रजी अमदानी आली, छापखाने आले आणि वाचनालयं आली. १८२८ मध्ये रत्नागिरीला, १८४० मध्ये नाशिकला, १८४८ मध्ये पुण्याला वाचनालयं निघाली. पुण्याच्या वाचनालयासाठी लोकहितवादींनी पुढाकार घेतला होता. सुरुवातीला ही ठिकाणं साहेबाची आणि चार शिकलेल्यांची होती. हळूहळू ती गावाची झाली. १८९३ मध्ये ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मराठी पुस्तकं एका जागी जमवावीत असा ध्यास घेतलेल्या विनायक लक्ष्मण भावे यांचं ते काम. त्याच भाव्यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. ज्याने आधी पुस्तकं गोळा केली, त्यानेच ती लोकांना समजावून सांगितली. मुसलमान मराठी कवींची दखलही त्यात घेतलेली आहे.

आता गुरुजींनी मला दिलेल्या त्या पुस्तकाकडे येतो. 'योगसंग्रामा'ची ती प्रत १९५९ मध्ये छापलेली होती. संपादक होते वासुदेव सीताराम बेंद्रे. हे नाव इतिहासाची आवड असलेल्या श्रोत्यांना लगेच ओळखू येईल. शिवछत्रपतींचं अस्सल चित्र शोधून महाराष्ट्रापुढे ठेवणारे आणि संभाजी महाराजांच्या चरित्रासाठी आयुष्याची कित्येक वर्षं देणारे ते बेंद्रे. त्यांचं संभाजी-चरित्र १९६० सालचं. म्हणजे ते काम हातावेगळं होत असतानाच हा माणूस शेख महंमदांची हस्तलिखितं लावत बसला होता. 'योगसंग्राम' झाल्यावर १९६१ मध्ये त्यांनी शेख महंमदांच्या कवितांचा संग्रहही काढला. त्यांना कोणी असं विचारलं असेल का, की शिवाजी-संभाजींच्या इतिहासकाराने श्रीगोंद्याच्या शेखाकडे का जावं? मला वाटतं, बेंद्र्यांना हा प्रश्नच पडला नसेल. ज्या मातीचा इतिहास लिहायचा, तिच्यात दोघेही होते.

त्यानंतर १९६७ मध्ये डॉ. रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' आलं. ढेऱ्यांविषयी काय बोलावं! गरिबीत शिकलेला, रद्दीच्या दुकानांतून पुस्तकं वेचून घर भरणारा हा संशोधक. त्यांच्या पुस्तकात मला शेख महंमदांचे सगेसोयरे भेटले. बिदरकडचे मृत्युंजय ऊर्फ शहा मुंतोजी भेटले. मराठीत गीतेवर टीका लिहिणारे हुसेन अंबरखान भेटले. 'सिद्धान्तबोध' लिहिणारे शहामुनी भेटले. मी या घराण्यात एकटा जन्मलेलो नाही, हे मला एका ब्राह्मण संशोधकाने सांगितलं. पुढे डॉ. यू. म. पठाण यांनीही हा अभ्यास वाढवला. आमचं संमेलन झालं त्याच १९९० साली पठाणसर पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. अगदी अलीकडे स्लोवाकियातल्या दुशान देआक या अभ्यासकाने श्रीगोंद्याला येऊन शेख महंमदांवर लिहिलं आहे.

ही सगळी साखळी एकदा डोळ्यांपुढे आणा. नक्कल उतरवणारे अनाम लोक, महिपती, भावे, बेंद्रे, ढेरे आणि आमचे गुरुजी. यांतले बहुतेक शेख महंमदांच्या धर्माचे नव्हते. पुस्तकाला जात-धर्म नसतो असं आपण भाषणात म्हणतो, पण ते आपोआप खरं होत नाही. कोणीतरी आपल्या अंगणाबाहेर जाऊन पुस्तक आणावं लागतं आणि दुसऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवावं लागतं. प्रत्येकाने फक्त आपापल्या माणसांचीच पुस्तकं वाचायची असं ठरवलं असतं, तर योगसंग्राम माझ्यापर्यंत आलाच नसता. आमच्या घरात तो नव्हता. गुरुजींच्या घरात होता.

पुस्तक घरी नेलं त्या रात्रीची गोष्ट. माझी अम्मा शाळेत गेलेली नव्हती. घरात आम्ही दखनी बोलायचो. मी वाचत बसलो की ती विचारायची, 'क्या पढरा रे?' मग तिला वाचून दाखवायचं, हा आमचा रिवाज. मी तिला अहंकाराशी चाललेल्या लढाईच्या काही ओव्या वाचून दाखवल्या. जुनं मराठी तिला सगळं कळलं नसणार. पण ती भाकरीचं पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, 'ये तो अपने पीरसाब की बात है.' दुसऱ्या दिवशी मी हे गुरुजींना सांगितलं. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'आणि आमची आई म्हणायची, हे तर आपल्या माउलींचंच बोलणं.' दोघींची भेट कधी झाली नाही. पण एका पुस्तकाच्या दोन बाजूंना त्या बसल्या होत्या.

आता थोडं आजचं. श्रीगोंद्यात शेख महंमदांचं समाधीस्थान आहे. त्याला कोणी मंदिर म्हणतं, कोणी दर्गा. त्यावरून वादही होतात. त्या वादात कोण बरोबर, हे सांगायला मी उभा नाही. मला फक्त एक विचारावंसं वाटतं. दोन्ही बाजूंच्या किती जणांनी 'योगसंग्राम' उघडून पाहिला असेल? कवी कोणाचा, यावर भांडायला त्याचं नाव पुरतं. त्याचं ऐकायचं तर पुस्तक हातात घ्यावं लागतं.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कवितावाचनाला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. सवयीप्रमाणे तिथल्या वाचनालयात शिरलो. ढेऱ्यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' आहे का, म्हणून पाहू लागलो. संतसाहित्याच्या कपाटात ज्ञानेश्वरी होती, तुकोबांची गाथा होती, दासबोध होता. हे पुस्तक नव्हतं. शेवटी ते सापडलं कोपऱ्यातल्या 'इतर धर्म' अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर, धुळीत. शीर्षकातला पहिला शब्द वाचून कोणीतरी ते तिकडे नेऊन ठेवलं होतं. मागच्या पानावर तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एकही शिक्का नव्हता.

ग्रंथपाल मुलगी तरुण होती. मी तिला म्हटलं, 'बेटा, हे तुकोबांच्या शेजारी ठेवशील का?' तिने पुस्तक चाळलं, मला दोन प्रश्न विचारले आणि ते उचलून संतसाहित्याच्या कपाटात ठेवलं. वाद नाही, ठराव नाही. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात, एवढाच प्रवास. वर्षभराने पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा मुद्दाम चिठ्ठी पाहिली. तीन शिक्के होते. त्यांतला एक तिचा स्वतःचा होता, हे तिनेच सांगितलं.

तेव्हा श्रोतेहो, मी काय वाचतो आहे ते तुम्हाला सांगून झालं. आणखी दोन-तीन नावं सांगितल्याशिवाय मात्र मला राहवणार नाही. हमीद दलवाईंची 'इंधन' ही १९६५ सालची कादंबरी वाचली नसेल तर जरूर वाचा. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारं गाव. दलवाईंची सगळीच मतं पटली पाहिजेत असं नाही. पण एवढं सरळ, कुणालाही न सोडणारं मराठी गद्य क्वचित वाचायला मिळतं. बार्शीच्या अमर शेखांना आपण शाहीर म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज घुमला, तो माझ्या अब्बांनी कानांनी ऐकला होता. पण त्यांच्या कवितेकडे फार थोडे वळतात. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे संग्रह शोधून पाहा. आणि दया पवारांचं 'बलुतं'. १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने ते १९७८ मध्ये काढलं. ज्या घरांना मराठी पुस्तकात दार नव्हतं, त्या घरांना 'बलुतं'ने दार दिलं. ते वाचल्यावर मला प्रथमच वाटलं, की आमच्या गल्लीतलं बोलणंही कवितेत चालेल.

ही नावं मी तुमच्या हाती देतो आहे. मात्र गुरुजींची अट माझीही आहे. वाचून झालं, की काय वाटलं ते कोणाला तरी सांगा. घरातल्यांना सांगा, शेजाऱ्याला सांगा, एसटीच्या थांब्यावर भेटेल त्याला सांगा. जमलं तर अशा माणसाला सांगा, ज्याच्या घरी ते पुस्तक असण्याची शक्यता नाही.

गुरुजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते असताना मी पुस्तक परत केलं होतं. काही वर्षांनी त्यांच्या मुलाने ते माझ्या घरी आणून दिलं. कव्हर बदललेलं होतं. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली आणखी चार नावं होती. सध्या ते माझ्याकडे नाही. नववा वाचक वाचतो आहे. दहावं नाव लिहायला पानावर अजून जागा आहे.